लॅबचा हिरवा ठिपका

माझा दादा स्वतःच्याच घराची बेल वाजवतो. किल्ली त्याच्या खिशात असते, घरात कोणी नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं, तरी आधी बेल दाबतो, जरा थांबतो, कान देतो, आणि मग लॅच उघडतो. वहिनी गेल्यानंतर काही आठवड्यांनी मी त्याच्याबरोबर घरी गेले तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं. "अरे, कोण उघडणार आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं. तो म्हणाला, "सवय गं," आणि चपला काढून आत गेला. दाराशी वहिनीच्या चपला होत्या तशाच होत्या, आणि त्याने आपल्या चपला त्यांच्या शेजारी नीट लावून ठेवल्या. त्या दिवशी मी चहा न घेताच घरी आले, कारण त्या घरात बसवेना.

तसा माझा स्वभाव घाबरट नाही. राग मात्र नाकावर. दादा मला लहानपणापासून ठिणगी म्हणतो. आम्ही दोघं एकाच हॉस्पिटलात कामाला. मी तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डची मुख्य नर्स, तो तळघरात कॉम्प्युटर विभागात. लोकांना वाटतं कॉम्प्युटर विभाग म्हणजे अडकलेला कागद प्रिंटरमधून काढून देणारी माणसं. दादाचं काम निराळं. हॉस्पिटलात प्रत्येक खात्याचं यंत्र निराळ्या कंपनीचं, निराळ्या वयाचं. लॅबचं यंत्र बोलतं ते वॉर्डच्या कॉम्प्युटरला कळत नाही, वॉर्डचं औषधवाल्यांना कळत नाही. त्या सगळ्यांच्या मध्ये बसून याचं त्याला समजावून सांगणारा एक प्रोग्रॅम असतो. त्याला इंटिग्रेशन फ्रेमवर्क म्हणतात. दादा त्याला 'मध्यस्थ' म्हणतो आणि त्याच्याबद्दल घरातल्या माणसासारखं बोलतो. "मध्यस्थ आज रुसलाय," वगैरे. आई होती तेव्हा म्हणायची, "यंत्रांना बोलतं करतो, आणि स्वतः मात्र जेवताना तोंड उघडत नाही."

तळघरातल्या त्याच्या खोलीला खिडकी नाही. यंत्रं तापू नयेत म्हणून बारा महिने गारठा, आणि पंख्यांची घरघर अशी की दोन मिनिटांनी ती ऐकू येणंच बंद होतं. बाहेर पडल्यावर मग कानांना काहीतरी कमी कमी वाटत राहतं. दादा तिथे स्वेटर घालून बसतो. स्वेटर वहिनीने विकत आणलेला, त्याच्या मापापेक्षा मोठा. "घेतानाच बघायचं ना," असं तो तिला दर थंडीत ऐकवायचा, आणि दर थंडीत तोच घालायचा.

वहिनी लॅबमध्ये तंत्रज्ञ होती, दुसऱ्या मजल्यावर. दोघांची ओळखच कामातून झाली. लॅबची वाट उघडी आहे ना, रिपोर्ट पुढे जातोय ना, हे बघायला रोज सकाळी लॅबचं काम सुरू व्हायच्या आधी एक खोटा रिपोर्ट पाठवायची तिथे पद्धत होती. ज्याच्या नावाने पाठवायचा तो पेशंट अस्तित्वातच नव्हता. त्याला खाट नव्हती, आजार नव्हता. वहिनीने त्याचं नाव ठेवलं होतं पाहुणा. सकाळी पाहुण्याचा रिपोर्ट खाली दादाच्या स्क्रीनवर आला की दादाने "मिळाला" असं उलट लिहायचं, की झालं. रिपोर्टात शेऱ्याची एक जागा असते. त्या जागेत वहिनी काहीबाही लिहायला लागली. "पाहुण्याला सर्दी झालीय." "पाहुणा आज रागावलाय, कालचं उत्तर उशिरा आलं म्हणून." मग एक दिवस, "पाहुणा विचारतोय, खाली बसणारा माणूस लग्न झालेला आहे का." दादाने या प्रश्नाचं उत्तर लिहायला सबंध सकाळ घेतली. तोवर वहिनी जिने उतरून स्वतःच खाली आली होती.

लग्नानंतर शेरा एकच राहिला. "चहा घेतलास का?" दादाने "नाही" लिहिलं तर त्याने वर जायचं, लॅबच्या मागच्या छोट्या खोलीत वहिनी थर्मास घेऊन बसलेली असायची. "घेतला" लिहिलं तर ती आपली कामाला लागायची. एका घरातून एकत्र निघालेली ही दोघं, हॉस्पिटलच्या दारात वेगळी होऊन पुन्हा अर्ध्या तासात एकमेकांना चहाचं विचारायची. मी दोघांचीही टिंगल करायचे. मनातून मला हेवा वाटायचा, तेही सांगून टाकते.

वहिनीच्या सुट्टीच्या दिवशी मात्र घोळ व्हायचा. बाकीचे तंत्रज्ञ पाहुण्याला विसरायचे, रिपोर्ट यायचा नाही, वाट बंद पडली असं समजून तळघरातला धोक्याचा भोंगा वाजायचा आणि दादाचे साहेब त्याला झापायचे. दादाने एक युक्ती केली. मध्यस्थाला सांगून ठेवलं, की सकाळी लॅबकडून पाहुणा आला नाही, तर शेवटचा आलेला पाहुणा पुन्हा एकदा पुढे पाठव. भोंगा गप्प झाला. असल्या युक्त्या या कामात सगळेच करतात म्हणे, आणि करून विसरून जातात.

मग ती सकाळ. वहिनीने पाहुणा पाठवला. दादा कशात तरी गुंतला होता, चहा घेतलेला नव्हता, पण वर जायला वेळ नव्हता म्हणून त्याने लिहून टाकलं, "घेतला." तेवढ्यात वहिनी लॅबच्या मागच्या खोलीत पडली. मेंदूत रक्त. थर्मास टेबलावर, दोन कप काढून ठेवलेले. कुणाला कळायला बराच वेळ गेला, कारण त्या खोलीत सकाळी दुसरं कोणी जात नसे. दादाला बोलावणं आलं तेव्हा तो म्हणाला, "छे, आत्ता तर तिचा मेसेज आला."

पुढे कधीतरी त्याने मला एवढंच सांगितलं, "तिने विचारलं तेव्हा ती होती, ठिणगे. मी उत्तर दिलं तेव्हा असेल का, कोण जाणे. नाही म्हटलं असतं तर मी तिथे असतो." मी त्याला चार गोष्टी समजावल्या. नर्स आहे मी, अशा वेळी काय बोलायचं ते मला पाठ आहे. त्यातलं एकही वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचलं नाही.

नंतर हॉस्पिटलात कुजबुज सुरू झाली. लॅबमधली बाई अजून रिपोर्ट पाठवते. लॅबला कुलूप, आत दिवा नाही, आणि खाली स्क्रीनवर तिचा मेसेज. सफाईवाल्या मावशी सकाळी त्या मागच्या खोलीत एकट्या जाईनात. कोणी म्हणे कपांचा आवाज येतो. माझ्यासमोर कोणी बोललं की मी खेकसायचे, "तुम्हाला कामं नाहीत का?" पण एका सकाळी ड्यूटीच्या आधी मी मुद्दाम तळघरात गेले. दादा स्वेटरमध्ये हात खुपसून स्क्रीनसमोर बसला होता. माझ्या डोळ्यांदेखत ओळ उमटली. पाहुणा. खाली शेरा. "चहा घेतलास का?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. दादा मात्र हलक्या आवाजात, जसं शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाला, "घेतला." आणि तेच टाइप केलं.

मग मला ती सुट्टीच्या दिवसाची युक्ती समजावून सांगितली. भूत नाही, काही नाही. शेवटचा पाहुणा मध्यस्थ रोज पुन्हा पाठवतो, कारण त्यानंतर दुसरा कोणी पाठवलाच नाही. "काढून टाक ना ते," मी म्हटलं. "टाकतो," तो म्हणाला. भुताची भीती गेली, पण जिना चढताना वाटलं, भूत असतं तर बरं होतं, ते निदान आपलं आपण आलं असतं. तरी मी गप्प बसले. कोणी साडी जपून ठेवतं, कोणी चष्मा. याने एक ओळ ठेवली, कुणाचं काय बिघडलं, असं मला वाटलं.

त्यानंतर नवीन देखरेख यंत्रणा आली. कंट्रोल रूममध्ये भिंतभर स्क्रीन लागला. हॉस्पिटलातल्या प्रत्येक यंत्राचा आणि प्रत्येक वाटेचा त्यावर एक ठिपका, चालू असेल तर हिरवा, बंद पडली की लाल. त्या स्क्रीनसमोर जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक गृहस्थ बसतो, त्याला सगळे चष्मा म्हणतात. साहेबांनी दादाला हुकूम दिला, तुमचा मध्यस्थ या यंत्रणेला जोडा, सगळ्या वाटा भिंतीवर दिसल्या पाहिजेत.

दादाने काम मन लावून केलं. वाट जिवंत आहे हे ओळखायचं कसं, तर मध्यस्थाने पलीकडे एक प्रश्न पाठवायचा आणि ठरलेल्या वेळात उत्तर येतं का बघायचं. आलं तर हिरवा, नाही तर लाल. औषधवाले, एक्स-रे, वॉर्ड, सगळीकडे त्याने असंच केलं. फक्त लॅबला केलं नाही. कारण ही खरी तपासणी बसवली की शिळे मेसेज मध्यस्थ आपोआप टाकून देणार होता, आणि पाहुणा तर शिळाच होता. म्हणून लॅबपुरतं दादाने यंत्रणेला सांगितलं, सकाळी पाहुणा आला की वाट चालू समज.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं, की भिंतीवर सगळं हिरवंगार झालं, साहेबांनी दादाच्या पाठीवर थाप मारली आणि दादा हसला नाही. चष्मा नंतर एकदा कॅन्टीनमध्ये मला म्हणाला, "सिस्टर, लॅबची माणसं फार लवकर येतात हो. दार उघडायच्या आधीच ठिपका हिरवा असतो." मी त्याच्याकडे बघितलं आणि ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले.

माझ्या वॉर्डात तेव्हा कंडक्टर आजोबा होते. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडलेली, किडनी थकलेली, जीभ मात्र तरुण. मी इंजेक्शन घेऊन गेले की म्हणायचे, "सरका पुढे, पुढे जागा आहे." एक दिवस त्यांचं पोटॅशियम कमी आलं, म्हणून डॉक्टरांनी सलाइनमधून पोटॅशियम द्यायचं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा रक्त पाठवलं होतं, पण त्याचा रिपोर्ट वॉर्डच्या कॉम्प्युटरवर दिसेना. पोटॅशियम अशी चीज आहे की कमी असताना औषध, आणि जास्त असताना तेच हृदय बंद पाडतं.

मी लॅबला फोन केला. तिथे वहिनीच्या जागी आलेली नवी तंत्रज्ञ म्हणाली, "मघाशीच पाठवला, सिस्टर." स्क्रीन कोराच. चष्म्याला फोन केला. "लॅब हिरवी आहे. नवीन रिपोर्ट असता तर आला असता." डॉक्टरांनाही ते पटलं. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, भिंतभर स्क्रीन कशाला लावलाय मग? "रक्ताचा नमुना राहिला असेल कुठेतरी. कालच्यावर चालू करा," म्हणाले. बाटली टांगून झाली, नळी जोडून झाली. आजोबा म्हणाले, "सोडा गाडी."

मला काय वाटलं ते नेमकं सांगता येणार नाही. त्या हिरव्या ठिपक्याचं नाव निघालं आणि माझ्या डोळ्यांसमोर ती तळघरातली ओळ आली. "मी येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही," असं ओरडून मी जिन्याने खाली धावले. लॅबमध्ये त्या बाईच्या हातून कागद जवळजवळ ओढूनच घेतला. पोटॅशियम रात्रीतून वर चढलेलं होतं. लॅबने तातडीने फोन करावा इतकं नव्हतं, पण वरून ती बाटली गेली असती तर आजोबांची गाडी कायमची डेपोत लागली असती. पुन्हा धावत वर आले आणि बाटली स्वतःच्या हाताने काढली.

तोच कागद घेऊन मी तळघरात गेले. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"लॅबची वाट बंद आहे!"

दादा वळला. "हिरवी आहे."

"हिरवी कशाने आहे, दादा? खरं सांग. कशाने हिरवी आहे?"

त्याने कागद घेतला, वाचला, आणि पहिला प्रश्न विचारला तो, "तुझे कंडक्टर आजोबा आहेत ना?"

"आहेत. माझ्यामुळे आहेत. तुझ्या त्या मध्यस्थाने तर बाटली लावलीच होती."

तो खुर्चीत बसला आणि कामाला लागला. पहाटेपासून लॅबची वाट तुंबली होती. पाहुणा मध्यस्थाच्या पोटातूनच निघत होता, त्याला लॅबच्या वाटेची गरजच नव्हती, म्हणून तो वेळेवर आला. मागचे सगळे खरे रिपोर्ट अडकून पडले होते. दादाने वाट मोकळी केली तेव्हा स्क्रीनवर माणसांच्या नावांचा लोंढा आला. कंडक्टर आजोबांचं नाव त्यात होतं. आम्ही दोघं ती नावं वरपर्यंत सरकताना बघत राहिलो.

"साहेबांना मी सांगतो," तो म्हणाला.

"सांगशील. आधी ते काढ."

त्याने मध्यस्थातली, ती सुट्टीची युक्ती लिहिलेली जागा उघडली. जेमतेम दोनतीन ओळी होत्या. त्याचा हात पुसायच्या बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. पंख्यांची घरघर चालूच होती. "तू दाब ना, ठिणगे," तो म्हणाला. लहानपणी दाताला दोरा बांधून घ्यायचा आणि ओढायला मला लावायचा, तसाच आवाज.

माझा राग कुठल्या कुठे गेला. रडू आलं, पण मी म्हटलं, "नाही. तू बसवलंस, तू काढ. मी बसते इथे."

मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. बऱ्याच वेळाने त्याने बटण दाबलं. स्क्रीनवर काहीच झालं नाही, अशा गोष्टींत काही दिसतही नाही. मग तिथेच बसून त्याने लॅबलाही इतर वाटांसारखी खरी तपासणी बसवली, स्वेटर उतरवून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि साहेबांकडे गेला. साहेब जे बोलायचं ते बोलले. नोकरी राहिली. दुपारी तो वर येऊन आजोबांच्या खाटेशी उभा राहिला. आजोबांना त्याचं काही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "कोण आपण? तिकीट?" दादाने हात जोडले आणि परत गेला.

दुसऱ्या दिवशी माझी ड्यूटी उशिराची होती, तरी मी सकाळीच तळघरात गेले. तो एकटा नसावा एवढंच मनात होतं. पाहुणा यायची वेळ आली आणि गेली. ओळ उमटली नाही. इतके दिवस मला ज्या ओळीची धास्ती वाटायची, ती आली नाही तेव्हा खोली आणखी गार झाल्यासारखी वाटली. दादा स्क्रीनकडे बघत होता. बोटं टाइप करायला ठेवतात तशीच ठेवलेली.

फोन वाजला. चष्म्याचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "अहो, लॅब लाल झालीय! इतक्या दिवसांत सकाळी कधी लाल नव्हती. काय झालं?"



"काही झालं नाही. बरोबर दाखवतंय," दादा म्हणाला. "तिथे कोणी नाही."

त्याने रिसीव्हर ठेवला. वहिनी गेली त्या दिवसापासून न रडलेला माझा भाऊ टेबलावर डोकं ठेवून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. पाठ केलेलं एकही वाक्य बोलले नाही. थोड्या वेळाने वर लॅब उघडली असावी, कुणीतरी कॉम्प्युटर चालू केला असावा, कारण त्याच्या स्क्रीनच्या कोपऱ्यातला ठिपका आपसूक हिरवा झाला. दादाने मान वर करून तो पाहिला, बाहीने तोंड पुसलं आणि उठला.

"चल, वर जाऊ," तो म्हणाला. "मी चहा घेतलेला नाही."